घरातली गोधडीची खोली नव्याने मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोधडी शिवणाऱ्या घरात कामाची खोली एकदा मांडून भागत नाही. हातशिलाईच्या जोडीला मशीन येते, घरात मूल येते, गुडघे कुरकुरू लागतात, चवथ (गणेश चतुर्थी) जवळ येते आणि दर जून महिन्यात पाऊस येतो. प्रत्येक वेळी टेबल, कपाट आणि खुर्ची यांचा पुन्हा विचार करावा लागतो. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव आणि पेडणे या भागांतल्या गोधडी शिवणाऱ्यांकडून जे प्रश्न आमच्याकडे सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुतार आणि कापडवाले ज्यांत बोलतात त्या फूट आणि इंचांतच मापे दिली आहेत.

१. खोली नव्याने मांडायची आहे. सुरुवात नेमकी कुठून करावी?

सामान हलवण्याआधी आपल्या कामाचा क्रम कागदावर लिहून काढावा. कापड निवडणे, कापणे, तुकडे जोडणे, मधूनमधून इस्त्री करणे, जोडलेले भाग मांडून पाहणे, तीन थर एकत्र करणे, त्यांवर टाके घालणे आणि शेवटी कडेची पट्टी लावणे असा तो साधारण क्रम असतो. त्यानंतर एक-दोन आठवडे नेहमीसारखे काम करत राहावे आणि आपण खुर्चीवरून कशासाठी उठलो, कशाला अडखळलो, कोणती वस्तू शोधत बसलो याची नोंद ठेवावी. ही नोंद वाचली की पुष्कळ घरांत एकच गोष्ट उघड होते: खिडकीजवळची सर्वांत चांगली जागा वर्षातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या कपाटाने अडवलेली असते आणि रोज लागणारी कात्री मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते.

मग चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे अर्धा फूट असे धरून खोलीचा नकाशा काढावा. दार, खिडक्या, विजेची बटणे आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत या न हलणाऱ्या गोष्टी त्यावर आधी दाखवाव्यात, आणि टेबल-कपाटांच्या मापाचे कागदाचे तुकडे कापून ते त्यावर फिरवून पाहावेत. कपाटाचे दार किंवा खण उघडल्यावर जी जागा लागते, तीही मोजावी. ती हमखास विसरली जाते.

खोलीत कायमच्या ठोकलेल्या वस्तू जितक्या कमी, तितकी पुढची मांडणी सोपी जाते. म्हणून भिंतीतली कपाटे किंवा पक्के ओटे करून घेण्यापूर्वी तीच मांडणी किमान एक पावसाळा तात्पुरत्या टेबलांवर चालवून पाहावी, असा आमचा आग्रह आहे.

२. किमान किती जागा असावी? आमच्याकडे वेगळी खोलीच नाही.

आठ फूट बाय दहा फूट एवढ्या खोलीत मशीनचे टेबल, कापण्याचे टेबल आणि एक कपाट नीट बसते. मशीनच्या टेबलासाठी चार फूट बाय दोन फूट, त्यामागे खुर्ची सरकवायला सुमारे तीन फूट आणि ये-जा करायला अडीच फूट मोकळे सोडावेत. वेगळी खोली नसेल, तर मशीन एका जागी ठेवून बाकीची कामे घरभर वाटून द्यावीत: कापणे जेवणाच्या टेबलावर, थर लावणे सकाळी झाडून-पुसून घेतलेल्या ओसरीवर किंवा दिवाणखान्यात, हातशिलाई बाल्कांवात (दारापुढच्या बाकांच्या पडवीत). अशा घरात प्रत्येक चालू कामाचा स्वतंत्र झाकणाचा डबा असावा, म्हणजे कापड, दोरा आणि नमुना एकत्र उचलून नेता येतात. जुन्या घरांतले राजांगण (घराच्या मधले अंगण) प्रशस्त असले, तरी ते वरून उघडे असल्यामुळे आणि उन्हात कापड विटत असल्यामुळे तेथे कायमची मांडणी करू नये.

३. टेबलांची उंची किती असावी? माझी पाठ आणि मान कायम दुखते.

कापण्याचे आणि शिवण्याचे टेबल एकाच उंचीचे असणे हेच या दुखण्याचे बहुतेक वेळा कारण असते. जेवणाचे टेबल सुमारे ३० इंच उंच असते आणि त्यावर उभ्याने रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचे कापण्याचे हत्यार) चालवायचा म्हणजे तासन्‌तास कमरेतून वाकावे लागते. उभे राहून कापण्यासाठी टेबल आपल्या कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असावे. मध्यम उंचीच्या व्यक्तीला ते ३४ ते ३६ इंचांच्या आसपास पडते. नवे टेबल घेण्याची गरज नसते. सुताराकडून चार सारखे ठोकळे करून घ्यावेत आणि पाय घसरू नये म्हणून प्रत्येकात अर्धा इंच खोल खाच पाडून घ्यावी. टेबलाला तीन बाजूंनी फिरता आले, तर कापड न हलवता आपणच वळून कापता येते आणि तुकड्यांच्या कडा सरळ येतात.

शिवताना मोजायची उंची टेबलाची नसून मशीनच्या पट्टीची, म्हणजे जेथे सुईखाली कापड सरकते त्या पातळीची असते. खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर काटकोनात राहावे आणि मनगट वर उचलावे लागू नये. सुटे मशीन सरळ टेबलावर ठेवले की ही पातळी तीन-चार इंच वर जाते. टेबलाला खाच पाडून मशीन आत उतरवून घेणे हा उत्तम उपाय. तो शक्य नसेल, तर खुर्ची उंच करावी, पायाखाली पाट घ्यावा आणि पायाने दाबायचे पेडल त्या पाटावरच ठेवावे. मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे त्याच पातळीची फळी असावी. मोठी गोधडी टेबलाखाली लोंबकळू लागली की तिचे वजन सुईवर ओढ आणते, टाके लहानमोठे पडतात आणि आपण नकळत दोन्ही हातांनी कापड ओढत राहतो. मान दुखण्याचा उगम बहुधा तेथेच असतो. डावखुऱ्यांसाठी फळी तशीच राहते, फक्त कात्री, टाचण्या आणि दिवा यांची बाजू बदलते. त्यासाठी प्रश्न १६ पाहावा.

४. उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली असे ऐकले आहे. गोव्यातही ते खरे आहे का?

वर्षाचा बराच काळ खरे आहे, बारा महिने नाही. उत्तरेचा उजेड स्थिर आणि थेट उन्हाविना असतो, म्हणून कापडाचे रंग पारखायला तो उत्तम. पण गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्यामुळे एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे ऊनही ईशान्येकडून आणि वायव्येकडून तिरके आत येते. जून-जुलैत ढगांमुळे ते जाणवत नाही. खरी अडचण मे महिन्यात होते. त्या काळात उत्तरेच्या खिडकीलाही पातळ पांढरा पडदा लावावा आणि कापडाच्या घड्या खिडकीसमोरून हलवाव्यात, कारण घडीच्या कडेवरचा रंग आधी उडतो आणि ती रेघ नंतर गोधडीच्या मधोमध दिसते. कटिंग मॅटही उन्हात ठेवू नये. ती एकदा वाकली की पुन्हा सपाट होत नाही.

काही जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या अजून शाबूत आहेत. त्यांतून येणारा दुधाळ उजेड मांडणीच्या भिंतीसाठी (जेथे तुकडे लावून पाहतात) फार चांगला असतो आणि डोळ्यांवर येत नाही. मात्र सुईत दोरा ओवण्याइतका तो प्रखर नसतो.

पावसाळ्यात दुपारी तीन वाजताही दिवा लावावा लागतो. शिवण्याच्या जागी ७५० ते १००० लक्स इतका प्रकाश असावा, असे मानले जाते. छताचा एकच दिवा पाठीमागे राहिला की आपलीच सावली कामावर पडते, म्हणून उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या खांद्यावरून प्रकाश येईल असा वळवता येणारा दिवा टेबलाला लावावा. दिव्याच्या खोक्यावर रंग-अचूकतेचा आकडा छापलेला असतो. तो ९० किंवा अधिक असावा, म्हणजे गडद निळा आणि काळा यांत रात्री घोटाळा होत नाही.

५. मशीन, इस्त्री आणि दिवा एकाच बोर्डावर चालवले तर चालते का?

चालवू नये. साधी १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज ओढते आणि २००० वॅटची वाफेची इस्त्री पावणेनऊ अँपिअरपर्यंत जाते. खोलीतले लहान प्लग सहसा सहा अँपिअरचे असतात, त्यामुळे वाफेच्या इस्त्रीला सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला वेगळा प्लगच हवा. घरगुती मशीनची मोटर त्या मानाने किरकोळ, १०० वॅटच्या आसपास असते. एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री लावून त्याची वायर चटईखालून नेणे हा प्रकार अनेक घरांत दिसतो आणि तो खरोखर धोक्याचा आहे. खोलीची मांडणी इस्त्रीच्या प्लगभोवती करावी. वायरिंग बदलायचे असल्यास ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

मेमधल्या वळिवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की इलेक्ट्रॉनिक मशीनची पिन काढून ठेवावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. इन्व्हर्टरवर दिवा आणि मशीन चालेल, मात्र इलेक्ट्रॉनिक मशीनसाठी तो साइन वेव्ह प्रकारचाच असावा. इस्त्री त्यावर लावू नये.

६. इस्त्री हाताशी असावी की लांब?

हाताशी ठेवली की वेळ वाचतो, लांब ठेवली की उठणे होते. आमचे मत लांब ठेवण्याच्या बाजूने आहे, कारण बसून शिवणाऱ्या माणसाला दर काही मिनिटांनी उठवणारे दुसरे काही खोलीत नसते. लहान तुकडे दाबण्यासाठी मशीनशेजारी लाकडाची घासपट्टी ठेवावी आणि पाच-सहा जोड साठले की इस्त्रीकडे जावे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रश्न १२ पाहावा. इस्त्री कटिंग मॅटवर कधीही फिरवू नये.

७. पावसाळ्यात कापडाला बुरशी येते आणि वास मारतो. कपाट कुठे ठेवावे?

पावसाळ्यात गोव्यातल्या हवेतली आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला साधारण ६५ टक्केही पुरतात, त्यामुळे उपाय मेअखेरपर्यंत करावा. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवायच्या सामानाची) भरणी होते, त्याच आठवड्यात कापडाचे कपाटही हाती घ्यावे. सगळे कापड बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, कपाट आतून कोरडे पुसावे आणि ते भिंतीपासून किमान तीन-चार इंच पुढे ओढावे. चिऱ्याची भिंत बाहेरून ओल शोषते. कपाट तिला टेकले की मागची हवा कोंडते आणि बुरशी सर्वांत आधी कपाटाच्या पाठीला धरते. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींवर पावसाचा मारा अधिक असतो, म्हणून कापडाचे कपाट घराच्या आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीशी न्यावे. खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर असला की वाळवीचा माग वेळेत दिसतो.

कापड हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवावे का, हा पोटप्रश्न नेहमी येतो. कापड पूर्ण कोरडे असेल आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतील, तर ठेवावे. थोडीही ओल असेल, तर तोच डबा बुरशीला पोसतो. कडकडीत कोरडे कापड फक्त उन्हाळ्यातच मिळते, त्यामुळे डबे मेमध्ये भरावेत आणि पावसाळाभर लागणारे कापड वेगळे काढून ते उघड्या मांडणीवर ठेवावे. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. त्यासाठी स्वयंपाकाची भांडी घेऊ नयेत.

डांबरगोळ्या कसर दूर ठेवतात, बुरशी नाही. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नयेत. दोन्ही मिळून पातळ होतात आणि कापडावर तेलकट डाग पडतो. लाकडी कपाटात कापडाखाली जुने, धुतलेले सुती पातळ अंथरावे, कारण कच्च्या लाकडाला बरीच वर्षे चिकटून राहिलेले कापड पिवळे पडते. तयार गोधड्या दर दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या घडीने घालाव्यात. सुया, टाचण्या आणि रोटरी कटरची पाती तेलाचा हात लावलेल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. मशीनला नेहमीपेक्षा अधिक वेळा मशीनचेच तेल द्यावे आणि दिल्यानंतर चिंधीवर काही टाके मारून जादा तेल काढून टाकावे.

८. आमचे घर जुने, कौलारू आहे. त्यासाठी काही वेगळे करावे लागते का?

कौलांतून बारीक धूळ सतत खाली येते आणि पालींची घाणही पडते, म्हणून कापण्याच्या आणि मशीनच्या जागेवर सुती कापडाचे छत ताणून बांधावे. ते काढून धुता येईल असे, कड्यांवर अडकवलेले असावे. मे महिन्यात कौले परतून घेतली, तरी पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींपर्यंत मशीन आणि मांडलेली गोधडी कोठे गळते हे पाहूनच जागेवर आणावी. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत खिळा धरत नाही आणि भोवतालचा गिलावा सुटतो, त्यामुळे जड मांडण्या भिंतीवर न टांगता जमिनीवर उभ्या कराव्यात.

९. गोधडी मांडून पाहायला मोकळी भिंत नाही. काय करावे?

भिंत हवी असे नाही, उभा सपाट पृष्ठभाग हवा. सुती तुकडे फ्लॅनेलला टाचणीशिवाय चिकटून राहतात. थर्मोकोलच्या किंवा फोमच्या हलक्या पाट्यांवर फ्लॅनेल ताणून बसवावे आणि ती पाटी कपाटाच्या दारासमोर टेकवावी. तेही शक्य नसेल, तर फ्लॅनेलचे मोठे कापड पडद्याच्या दांडीवर लावावे. काम थांबवायचे असेल तेव्हा तुकड्यांसकट वर पातळ कागद ठेवून ते गुंडाळता येते. पंख्याच्या थेट झोतात मात्र ते टांगू नये. तुकडे पडले की क्रम पुन्हा जुळवण्यात सकाळ जाते, म्हणून रोज काम संपल्यावर मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा.

१०. तीन थर अंथरण्यासाठी जमिनीवर बसता येत नाही. टेबलावर होते का?

होते. डबलबेडची गोधडी ९० बाय १०० इंचांच्या आसपास असते आणि तेवढे टेबल घरात नसते, पण सगळी गोधडी एकाच वेळी पसरावी लागत नाही. मागचा थर टेबलाच्या मध्यावर ठेवून कडांना चिमटे लावावेत, त्यावर बॅटिंग (मधला मऊ थर) आणि वरचा थर पसरून मधला भाग मुठीएवढ्या अंतराने सेफ्टी पिनांनी टाचावा आणि मग चिमटे काढून पुढचा भाग टेबलावर सरकवावा. दुसरी रीत दोन लांब फळ्यांची आहे: एका फळीवर मागचा थर आणि दुसरीवर वरचा थर गुंडाळून थोडे थोडे उलगडत टाचत जायचे. ही रीत अरुंद टेबलावरही चालते.

ज्यांना थर टाचणेच नको आहे, त्यांच्यासाठी जवळच एक जुनी परंपरा आहे. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि येथून जंगलात निसटून गेलेले लोक यांतल्या अनेकांचे पूर्वज होत. त्यांच्या स्त्रिया ‘कवंद’ शिवतात. पूर्ण मापाचे एक कापड, बहुधा जुने लुगडे, घेऊन कडेपासून सुरुवात करायची, एकेक तुकडा कडा दुमडत ठेवायचा आणि सगळे थर एकाच धावदोऱ्यात घेत मध्याकडे यायचे. तुकडा जोडणे आणि थर बांधणे एकाच वेळी होत असल्यामुळे वेगळे टाचावे लागत नाही. सगळे काम मांडीवर होते आणि खोलीत एक खुर्ची व कात्रणांची टोपली एवढेच लागते. जागा अगदीच कमी असेल, तेव्हा खोलीपेक्षा कामाची पद्धत बदलणे अधिक सोयीचे ठरते.

११. चवथीला हीच खोली रिकामी करावी लागते. दरवर्षी सगळे विस्कटते. काय करावे?

हा प्रश्न श्रावणात सर्वांत जास्त येतो आणि तो फक्त आपल्याकडचाच आहे. माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) कडे वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या जागी असतात आणि गणपती त्याखालीच बसतो, तेव्हा त्या जागेवर येणारे कोणतेही टेबल घडीचे किंवा ब्रेक असलेल्या चाकांचे असावे, हे मांडणी करतानाच ठरवावे. मशीन आणि कापडाचे कपाट पहिल्यापासून त्या जागेच्या बाहेर ठेवले, तर चवथीच्या आधी फक्त कापण्याचे टेबल, मांडणीची पाटी आणि चालू कामाचे डबे हलवावे लागतात.

हलवण्याची तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू करावी. नवे थर लावू नयेत. टाचलेली गोधडी घडी घालून ठेवली तर पिना सुटतात आणि सुरकुत्या पक्क्या होतात. प्रत्येक डब्यावर कामाचे नाव, पुढची पायरी आणि दोऱ्याचा क्रमांक लिहावा, कारण पाहुण्यांच्या गर्दीनंतर यांतले काही आठवत नाही. रोटरी कटर, कात्र्या आणि टाचण्या एकत्र कुलपात जाव्यात, कारण घरात त्या दिवसांत मुले असतात.

खोलीत उरलेल्या वस्तूंची काळजी वेगळी घ्यावी लागते. समया, धूप आणि कापूर यांची काजळी छतापर्यंत जाते व हळूहळू खाली बसते. माटोळीच्या आंबाड्यांचा, तोरंजनांचा आणि सुपारीच्या घोसांचा चीक व रस टिपकतो आणि ते डाग सुती कापडावरून जात नाहीत. मशीनवर जाड सुती चादर आणि तिच्यावर प्लास्टिक घालावे. दीड दिवसाचा गणपती असेल तर प्लास्टिक लगेच काढावे. पाच, सात किंवा अधिक दिवसांचा असेल तर रोज रात्री थोडा वेळ काढून वारा द्यावा, नाहीतर आत दमटपणा साठतो. मशीनच्या टेबलावर फुले, नारळ किंवा प्रसादाची ताटे ठेवण्याचा मोह होतो. त्यासाठी वेगळे स्टूल आधीच काढून ठेवावे. विसर्जनानंतर छत आणि पंखा पुसावा आणि मगच कापड परत आणावे. खोलीत दुसरा काही बदल करायचा असल्यास हीच वेळ सर्वांत सोयीची, कारण ती अर्धी रिकामी झालेलीच असते.

१२. वय वाढत आहे. गुडघे आणि डोळे पूर्वीसारखे नाहीत. काम सोडावे लागेल का?

सोडू नये, खोलीने आपल्यामागे यावे. इस्त्रीचा लहान पाट मशीनच्या बाजूला बसल्या जागी पोहोचेल असा आणावा. प्रश्न ६ मधला सल्ला येथे उलटा होतो. रोजच्या वस्तू कंबर आणि खांदा यांच्यामधल्या कप्प्यांत याव्यात, माळ्यावर काहीच राहू नये आणि जमिनीवरची घसरणारी पायपुसणी काढून टाकावीत. कापणेही बसून करायचे झाल्यास टेबल पुन्हा ३० इंचांवर आणावे, म्हणजे प्रश्न ३ मधले ठोकळे काढले की झाले. डोळ्यांसाठी आधी प्रकाश वाढवावा आणि नंतर भिंगाचा दिवा घ्यावा. उजळ प्रकाशात पुष्कळांना भिंग लागतच नाही.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी दाराची मोकळी रुंदी ३२ इंच, वळायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा आणि टेबलाखाली गुडघ्यांसाठी २७ इंच उंची हवी. जुन्या घरांतले उंच उंबरे ही त्यांतली खरी अडचण असते. दोन्ही बाजूंना उताराची फळी बसवता येत नसेल, तर कामाची खोलीच बदलावी. मशीनचे पेडल पायाने चालवता येत नसल्यास सुरू-बंद करण्याचे बटण असलेले मशीन घ्यावे.

१३. घरात रांगते बाळ आहे. खोली बंद ठेवण्याशिवाय उपाय आहे का?

दाराला अडीच-तीन फुटी फाटक लावावे, मात्र तेवढ्यावर विसंबू नये. टाचण्यांसाठी उघडी वाटी न ठेवता लोहचुंबकाची बशी घ्यावी आणि काम संपल्यावर लोहचुंबक जमिनीवरून फिरवावे. रोटरी कटरचे पाते प्रत्येक कापानंतर बंद करण्याची सवय मोठ्यांनी लावून घ्यावी. इस्त्रीची वायर लोंबती राहू नये आणि गरम इस्त्री मुलाच्या हाताला लागेल अशा पाटावर सोडून उठू नये. डांबरगोळ्या विषारी असल्यामुळे मूल लहान आहे तोवर त्या घरातूनच काढाव्यात. पाळण्यात बाळाच्या अंगावर जड गोधडी घालू नये, हे येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

१४. आता ऑर्डरी घेऊ लागले आहे आणि दोन-तीन मुली शिकायलाही येतात. खोलीत काय बदलावे?

तयार गोधडी आणि चालू काम यांची जागा पूर्ण वेगळी करावी. ग्राहकाची गोधडी धूळ, तेल आणि स्वयंपाकाचा वास यांपासून दूर, सुती पिशवीत आणि चिठ्ठीसह ठेवावी. ग्राहकाने दिलेल्या जुन्या साड्या आपल्या कापडात मिसळू नयेत. त्या पुष्कळदा आईच्या किंवा आजीच्या असतात आणि त्यांतल्या कात्रणांवरही त्यांचाच हक्क असतो. बाहेरची माणसे येणार असतील, तर त्यांना घराच्या आत न आणता ओसरीवर किंवा बाल्कांवात नमुने दाखवता येतील अशी सोय करावी. शिकणाऱ्यांसाठी प्रत्येकी मशीनपेक्षा प्रत्येकी मोकळे टेबल अधिक गरजेचे असते, कारण सुरुवातीचा बराच वेळ मोजण्यात आणि कापण्यात जातो. इस्त्री मात्र एकच ठेवावी. विजेचा भार प्रश्न ५ मध्ये दिला आहे.

१५. चौकटीवरचे मोठे लाँगआर्म मशीन घ्यायचा विचार आहे. त्यासाठी खोली कशी असावी?

डबलबेडच्या गोधडीसाठी चौकट सुमारे १० ते १२ फूट लांब लागते आणि तिच्या पुढून व मागून दोन्हीकडे उभे राहता यावे लागते, म्हणजे खोलीची बाकी सगळी कामे बाहेर जातात. चौकट पूर्ण समपातळीत नसेल, तर मशीनचे डोके आपोआप एका बाजूला सरकते, आणि जुन्या घरांतल्या जमिनींना उतार असतो. मशीन घेण्याआधी पाणसळ लावून जमीन तपासावी. दमट हवा, वीज जाणे आणि दुरुस्तीसाठी माणूस दूरवरून बोलावावा लागणे हेही मोजावे. सुईच्या उजवीकडे नऊ ते अकरा इंच जागा असलेले टेबलावरचे मशीन बहुतेक घरांना पुरते, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. साध्या मशीनमध्ये ही जागा सहा-सात इंचच असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर जाणाऱ्या कंपनांचाही विचार करावा. साध्या मशीनखालीही जाड रबराची चटई घातली की शेजाऱ्यांना त्रास होत नाही.

१६. मी डावखुरी आहे आणि सासूबाई उजव्या हाताने काम करतात. खोली एकच आहे. मांडणी कोणाच्या सोयीने करावी?

दोघींच्या सोयीने करता येते, मात्र एकच जागा दोघींना देऊन नाही. डावखुऱ्या व्यक्तीला कापताना प्रकाश उजवीकडून हवा आणि इस्त्रीही तिच्या डाव्या हाताला हवी. तेव्हा कापण्याचे टेबल खोलीच्या मध्यावर, खिडकीला काटकोनात ठेवावे: एका बाजूला उभे राहिल्यास उजेड डावीकडून येतो आणि समोरच्या बाजूला उभे राहिल्यास उजवीकडून. रोटरी कटर वेगवेगळे ठेवावेत, कारण पुष्कळ कटरचे पाते दुसऱ्या बाजूला बसवून हात बदलता येतो, पण रोज ते उलटसुलट करणे धोक्याचे आहे. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते आणि ती घ्यावीच. मशीनची सुई मात्र सर्वांसाठी एकाच बाजूला असते. त्यामुळे मशीनभोवतीची फळी प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे डावीकडेच राहू द्यावी आणि फक्त कात्री, टाचण्यांची बशी व दिवा यांची बाजू बदलावी. हा दिवा दोन्ही बाजूंना फिरणाऱ्या हाताचा घेतला आणि बशी लोहचुंबकाची असली, तर एक उठून दुसरी बसताना दोनच वस्तू सरकवाव्या लागतात.